जंगल जागेवर, पाल नाहीशी: ख्रिसमस बेटावरच्या लिस्टर गेकोबद्दल

प्रश्न थोडक्यात असा होता: हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर लिस्टर गेको नावाची एक छोटी पाल राहायची. बेटाचा ६३ टक्के भाग राष्ट्रीय उद्यान आहे, जंगल शाबूत आहे, तरी ऑक्टोबर २०१२ नंतर ती जंगलात कुणालाच दिसलेली नाही. मग ती जगायची कशी, जंगल असूनही संपली कशाने, आणि बंदिस्त जागेत वाढवलेल्या पाली परत सोडता येतील का?

पाली आणि सापसुरळ्यांच्या रात्रीच्या पाहण्या आणि त्यांचं बंदिस्त प्रजनन हेच बरीच वर्षं माझं काम आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. या पालीचा विषय निघाला की लोक थेट बाहेरून आलेल्या कवड्या सापावर येतात. साप महत्त्वाचा आहेच, पण ही पाल कशी जगायची ते समजल्याशिवाय सापाने एवढा घात कसा केला हे कळत नाही. म्हणून सुरुवात पालीपासूनच करतो.

ख्रिसमस बेट ऑस्ट्रेलियाचं आहे, पण ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापासून सुमारे दीड हजार किलोमीटर लांब. जावा मात्र साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. क्षेत्रफळ १३५ चौरस किलोमीटर. समुद्रतळावरून उठलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर चुनखडीचे थर चढत जाऊन हे बेट घडलं, आणि ते कुठल्याही मोठ्या भूभागाला कधीच जोडलेलं नव्हतं. जे काही तिथे पोचलं ते उडत, पोहत किंवा वाहत पोचलं. वाहत जाणं पालींना चांगलं जमतं. या कुळातल्या पालींची अंडी कडक, चुनखडी कवचाची असतात. मादीच्या शरीराबाहेर आलेलं अंडं सुरुवातीला मऊ आणि चिकट असतं. बऱ्याच जातींत मादी ते मागच्या पायांनी धरून सालीच्या आतल्या बाजूला टेकवते, हलकेच फिरवत राहते, आणि कवच कडक होईपर्यंत सोडत नाही. नंतर ते अंडं काढायला गेलात तर फुटेल, पण सुटणार नाही. असं अंडं चिकटलेला ओंडका समुद्रात गेला, त्यावर खारं पाणी उडालं, तरी आतला गर्भ तगून राहू शकतो. छोट्या पाली दूरदूरच्या बेटांवर सापडतात त्यामागे हे मोठं कारण आहे.

लिस्टर गेकोचं शास्त्रीय नाव लेपिडोडॅक्टिलस लिस्टेरी. १८८७ साली ब्रिटिश आरमाराचं 'एजेरिया' हे जहाज बेटाच्या पाहणीला गेलं होतं, त्यावर जे. जे. लिस्टर हे निसर्गअभ्यासक होते. त्यांनी जमवलेल्या नमुन्यांवरून ब्रिटिश म्युझियमच्या बूलेंजर यांनी १८८९ मध्ये तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. या प्रजातीचे नातेवाईक आग्नेय आशियापासून पॅसिफिकच्या बेटांपर्यंत पसरलेले आहेत. त्यातली एक बहीण, लेपिडोडॅक्टिलस लुगुब्रिस, नराशिवाय पिल्लं काढते. एकटी मादी जहाजातून कुठे उतरली तरी वसाहत उभी राहते. लिस्टर गेकोला ती सोय नाही. तिला नर आणि मादी दोन्ही लागतात. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

२०१८ मध्ये ख्रिसमस बेटावरच्या चार प्रदेशनिष्ठ, म्हणजे फक्त तिथेच आढळणाऱ्या, सरड्या-पालींच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि माझ्या मते या साऱ्या विषयाची किल्ली त्यात आहे. बेट जावाच्या इतकं जवळ असूनही तिथल्या बहुतेक सरड्या-पाली आशियाई बाजूच्या नव्हत्या. त्यांची नाती लांबच्या, वॉलेस रेषेपलीकडच्या (आशियाई आणि ऑस्ट्रेलियाकडचे प्राणी जिथे वेगळे पडतात ती कल्पित रेषा) बेटांवरच्या आणि ऑस्ट्रेलियाकडच्या गटांशी निघाली. शिवाय त्यातल्या तीन वंशशाखा आपल्या माहितीतल्या नातेवाइकांपासून मायोसीन काळात, म्हणजे २ कोटी ३० लाख ते ५० लाख वर्षांपूर्वीच्या टप्प्यात, वेगळ्या झालेल्या होत्या. लिस्टर गेको त्या तिघांपैकी एक. एवढीशी पाल, पण इतका जुना आणि इतका एकटा वंश.

दिसायला ती साधी. डोक्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत जेमतेम पाच सेंटिमीटर, म्हणजे घरपालीपेक्षाही लहान. अंग करडं-तपकिरी, पाठीवरून शेपटीकडे जाणारा फिक्या रंगाचा रुंद पट्टा. वाळक्या फांदीवर ती डोकं खाली करून बसली की पट्टा सालीच्या चिरेसारखा दिसतो आणि नजर तिच्यावरून घसरून पुढे जाते. छायाचित्रांत ती ठसठशीत वाटते, कारण छायाचित्रकाराला ती कुठे आहे ते माहीत असतं.

दिवस ती सुटलेल्या सालीखाली आणि लाकडाच्या फटींत काढायची. अंधार पडला की बाहेर. खोडांवर, फांद्यांवर, झुडपांच्या पानांवर फिरून छोटे किडे टिपायची. बोटांखाली आडव्या पट्टिका, त्यावर लाखो सूक्ष्म केस, आणि त्यांच्या जोरावर गुळगुळीत पानाच्या खालच्या बाजूनेही चालता येतं. अशी पाल कधी अगदी जवळून चालताना पाहिलीत तर बोटांकडे पाहा. पाऊल उचलताना आधी बोटांची टोकं वरच्या बाजूला उलटी वळतात, पकड सुटते, मगच पाय निघतो. टेकवताना तळवा आधी आणि टोकं शेवटी उलगडतात. सेकंदाच्या अंशात हे घडतं. डोळ्यांना पापण्या नाहीत, त्यावर पारदर्शक आवरण असतं आणि ते साफ करायला जीभ. सालीखालून बाहेर आलेली पाल शिकारीला निघण्याआधी पुष्कळदा हेच करते: थांबते, एका डोळ्यावरून जीभ फिरवते, मग दुसऱ्या.

आता या राहणीकडे एका वेगळ्या नजरेने पाहा. शत्रूपासून लपायला सालीखालची फट उत्तम, पण शत्रू कोण? पक्षी असेल तर फटीत चोच पोचत नाही. खेकडा असेल तर तो तितका वर आणि तितका आत येत नाही. ख्रिसमस बेटावर मूळचा साप एकच, गुलाबी आंधळा साप, आणि तो जमिनीत राहून किडे खाणारा. फटीत शिरून झोपलेल्या पालीला तोंडात धरेल असं या बेटावर कोणी नव्हतंच. लाखो वर्षं नव्हतं. लपण्याच्या जागेतच गाठणारा शत्रू ज्या वंशाने कधी पाहिला नाही, त्याच्याकडे त्यावर उपाय कुठून असणार? वास ओळखून पळणं, फट बदलत राहणं, झोपायला अशी जागा निवडणं जिथे शिकारी चढताना फांदी हलेल: सापांच्या सोबतीने राहणाऱ्या पालींत यातलं काही ना काही दिसतं.

बेटावर १९७९ साली सरपटणाऱ्या प्राण्यांची पहिली पद्धतशीर पाहणी झाली. कॉगर, सॅडलियर आणि कॅमेरॉन या ऑस्ट्रेलियन अभ्यासकांनी ती केली आणि १९८३ मध्ये अहवाल आला. तेव्हा बेटावरच्या सहाही स्थानिक जाती होत्या: लिस्टर गेको, मोठी गेको, निळ्या शेपटीची सापसुरळी, जंगली सापसुरळी, किनाऱ्यावरची सापसुरळी आणि आंधळा साप. निळ्या शेपटीच्या सापसुरळ्या तर वस्तीतल्या बागांतही दिसत. पुढे त्या वस्तीच्या बाजूने कमी होऊ लागल्या. बेटाच्या ईशान्य टोकाला वस्ती आणि बंदर आहे. ऱ्हास तिथून सुरू झाला आणि एकेक पट्टा रिकामा करत पश्चिमेकडे सरकत गेला. जंगलतोडीचा नकाशा असा दिसत नाही. बंदरात काहीतरी उतरून पसरत गेलं की नकाशा असा दिसतो.

लिस्टर गेकोचं गणित आणखी अवघड होतं, कारण ती मुळात दिसायचीच कमी. १९८७ नंतर दोन दशकं तिची एकही नोंद नाही, आणि २००९ मध्ये ती पुन्हा सापडली. म्हणजे मधल्या काळात ती होती, फक्त कुणाच्या टॉर्चच्या उजेडात आली नाही. रात्रीच्या पाहण्यांमधला हा सर्वांत मोठा सापळा आहे. दिवसा उन्हात बसणारी सापसुरळी कमी झाली की चार वर्षांत लोकांच्या लक्षात येतं. सालीखाली राहणारी पाच सेंटिमीटरची निशाचर पाल कमी झाली तर 'ती दुर्मीळच आहे' असं म्हणून फाइल मिटते. नियमित, त्याच वाटेवर, त्याच पद्धतीने दरवर्षी केलेली मोजणी नसेल तर दुर्मीळ आणि संपत आलेली यातला फरक कळायला मार्ग नाही. अशी मोजणी लिस्टर गेकोसाठी वेळेत झाली नाही.

संशयित बरेच होते आणि प्रत्येकाबद्दल बोलायला हवं, कारण या बेटावर परकीय जीवांची रांगच लागलेली आहे. यलो क्रेझी अँट नावाच्या मुंग्या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आल्या, अनेक दशकं गप्प राहिल्या, आणि १९९० च्या दशकात त्यांच्या प्रचंड महावसाहती झाल्या. झाडांवरच्या खवले किडींचा गोड स्राव हे त्यांचं इंधन. त्या आम्ल फवारतात आणि वाटेतल्या लाल खेकड्यांना आंधळं करून मारतात. असे कोट्यवधी खेकडे मेले. २०१६ मध्ये त्या खवले किडींवर जगणारी सूक्ष्म गांधीलमाशी मलेशियातून आणून सोडली, तो वेगळा आणि रोचक विषय आहे. मुंग्या पालींचा जीव घेऊ शकतात यात शंका नाही. पण जिथे महावसाहती कधीच झाल्या नाहीत तिथूनही सापसुरळ्या नाहीशा झाल्या. मुंग्यांसाठी टाकलेल्या विषारी आमिषाचंही तेच: जिथे ते पडलं नव्हतं तिथेही प्राणी गेले. मांजरं आणि काळे उंदीर शंभर वर्षांपासून आहेत. मोठी घोणही जुनीच. ते सगळे एवढी वर्षं असताना पाली टिकल्या होत्या, मग सगळ्या एकदम पंचवीस वर्षांत का संपाव्या?

रोगाचा संशय मात्र रास्त होता, कारण बेटाचा इतिहास तसा आहे. तिथल्या दोन स्थानिक उंदरांच्या जाती १९०० च्या आसपास काही वर्षांतच संपल्या. जहाजातून आलेल्या काळ्या उंदरांबरोबर रक्तातला परजीवी आला असावा, असा संशय तेव्हाच व्यक्त झाला होता. संग्रहालयातल्या जुन्या कातड्यांमधल्या डीएनएवरून २००८ मध्ये त्याला आधार मिळाला. म्हणून २००९ नंतर जी तपासणी झाली तिच्यात रोग वरच्या क्रमांकावर होता, आणि ते योग्यच होतं.

कवड्या साप १९८७ मध्ये पहिल्यांदा नोंदला गेला. हा लायकोडॉन कॅप्युसिनस, आपल्या ओळखीच्या कवड्याचा अगदी जवळचा नातेवाईक. पूर्वी दोघांना एकच जात मानायचे. आग्नेय आशियातून मालाबरोबर आला. ज्यांनी कवड्याला भिंतीवरून चढताना पाहिलं आहे त्यांना त्याच्याबद्दल फार सांगायला नको. निशाचर, सडपातळ, चपट्या डोक्याचा, उभ्या पृष्ठभागावर सहज चढणारा, दिवसभर फटींत आणि रात्रभर पालींच्या मागावर. पुढचे दात लांब आणि मागे थोडी मोकळी जागा, त्यामुळे गुळगुळीत, कडक खवल्यांची सापसुरळीसुद्धा तोंडातून निसटत नाही. सालीखालच्या फटीत शिरायला असं शरीर नेमकं हवं असतं. ख्रिसमस बेटावरच्या पालींना जी एकमेव गोष्ट वाचवत होती, ती या सापापुढे निकामी होती.

त्याला अन्नाची कमतरताही पडली नाही. घरपाल आणि आणखी एक परकीय पाल बेटावर आधीच मुबलक होत्या. दोघीही मूळच्या आशियातल्या, सापांच्या शेजारात घडलेल्या, भराभर वाढणाऱ्या. शिकारी आणि शिकार असा साधा जोडीचा खेळ असता तर स्थानिक पाली घटल्यावर सापही उपासमारीने घटला असता आणि उरलेल्यांना श्वास मिळाला असता. इथे तसं झालं नाही. साप घरपालींवर पोसला जात राहिला, आणि वाटेत भेटलेली प्रत्येक लिस्टर गेको ही त्याच्यासाठी वरकड घास होती. दुर्मीळ जात संपेपर्यंत शिकार चालू राहते ती अशीच. तिथले माणसांभोवतीचे दिवे, भिंती, घरपाली हे सारं या सापाच्या सोयीचं होतं. नंतरच्या वर्षांत सगळ्या कारणांची वेळ आणि नकाशा एकत्र ठेवून जो आढावा झाला, त्यानेही मुख्य कारण म्हणून याच सापाकडे बोट दाखवलं.

मला सर्वांत पटणारा पुरावा मात्र वाचलेल्या पालीचा आहे. चार प्रदेशनिष्ठ सरड्या-पालींपैकी मोठी गेको, सिर्टोडॅक्टिलस सॅडलेरी, आजही बेटाच्या जंगलात आहे. तीही निशाचर, तीही झाडांवर. जी तीन गेली ती नेमकी जुन्या, लांबच्या, सापांपासून तुटलेल्या वंशांची. मोठी गेको त्या तिघांइतकी वेगळी पडलेली नाही. तिच्या मोठ्या शरीराचाही फायदा होत असेल, कारण पूर्ण वाढलेली पाल गिळणं कवड्याला सोपं नाही. मुंग्या, विष किंवा जंगलाची हानी हे कारण असतं तर हिला सूट मिळायचं कारण नव्हतं.

आता जे मी आग्रहाने सांगतो ते. हे सगळं कळलं ते नंतर. २००९ मध्ये यातलं काहीही सिद्ध नव्हतं. त्याच वर्षी त्याच बेटावर दोन निर्णय झाले आणि त्यांचे परिणाम शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. बेटावरचं छोटं वटवाघूळ, पिपिस्ट्रेल, वर्षानुवर्षं घटत होतं. अभ्यासक ते सांगत होते. पकडून वाढवायची परवानगी २००९ च्या मध्यावर मिळाली. ऑगस्टमध्ये सापळे लागले तेव्हा ध्वनियंत्रावर एकाच वटवाघळाचा आवाज येत होता, आणि २६ ऑगस्टनंतर तोही आला नाही. सापसुरळ्या आणि पालींच्या बाबतीत मात्र उद्यानाच्या लोकांनी कारण सिद्ध होण्याची वाट पाहिली नाही. २००९ आणि २०१० मध्ये त्यांनी हाताला लागतील तेवढे प्राणी गोळा केले: ४३ लिस्टर गेको आणि ६६ निळ्या शेपटीच्या सापसुरळ्या. जंगली सापसुरळीच्या बाबतीत उशीर झालाच. मोजक्या माद्या मिळाल्या, नर मिळाला नाही. शेवटची मादी, तिचं नाव गंप, ३१ मे २०१४ रोजी मेली आणि जात संपली. लिस्टर गेकोला नर-मादी दोन्ही लागतात हे वर म्हटलं ते यासाठी. तीन वर्षं उशीर झाला असता तर हिचीही हीच गत होती.

पकडण्याला विरोध करणाऱ्यांचा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे: कारण माहीत नसताना पिंजऱ्यात भरून काय साधणार, शिवाय उरलेल्या जंगली संख्येला धक्का बसतो. मोठ्या संख्येच्या प्राण्यासाठी हा युक्तिवाद ठीक आहे. झपाट्याने कोसळणाऱ्या छोट्या जातीसाठी तो घातक आहे. कारण नंतर शोधता येतं. नर आणि मादी नंतर शोधता येत नाहीत.

पाली दोन जागी ठेवल्या: काही बेटावरच, आणि काही सिडनीच्या टारोंगा प्राणिसंग्रहालयात. एका जागी आग, वादळ किंवा साथ आली तरी सगळं जाऊ नये म्हणून. छोट्या गेकोंचं प्रजनन वरवर सोपं वाटतं. उभ्या फांद्या, सालीचे तुकडे, दमटपणा, बारीक किडे, आणि त्या किड्यांवर कॅल्शियमची भुकटी. अंडी साधारण दोनदोन. फिक्या पोटाच्या मादीला काचेखालून पाहिलं की कातडीतून अंड्याचा पांढरा गोल स्पष्ट दिसतो. अशा मादीच्या मानेच्या दोन्ही बाजूंना कधी पांढुरक्या गाठीही दिसतात. नवख्या माणसाला तो आजार वाटतो. बऱ्याच गेकोंमध्ये तिथे कॅल्शियम साठवण्याच्या पिशव्या असतात. कवच तयार करायचं असतं तेव्हा त्या भरतात आणि अंडी घातली की ओसरतात. दोन्ही बाजूंना सारखी, मऊ, येणारी-जाणारी सूज असेल तर घाबरायचं कारण नसतं.

हे मुद्दाम सांगतो, कारण ख्रिसमस बेटावर खरा आजार अगदी तिथेच आला. २०१४ मध्ये बंदिस्त प्राण्यांच्या डोक्यावर आणि चेहऱ्यावर सूज दिसू लागली, वाढत गेली, आणि प्राणी मेले. मागे एक नवाच जिवाणू निघाला, त्याला एंटरोकॉकस लॅसर्टिडेफॉर्मिस हे नाव मिळालं. कातडीखाली तो दुधाळ, बुळबुळीत थर साचवतो आणि हळूहळू आतल्या अवयवांत जातो. नेहमीच्या पद्धतींनी तो प्रयोगशाळेत वाढत नाही, त्यामुळे कोणतं औषध चालेल हे ताटलीत तपासून पाहायची सोय नाही. म्हणून एन्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या औषधांचे प्रयोग आजारी घरपालींवर करावे लागले. बेटावरच्या मोकळ्या घरपालींत हा जिवाणू फिरतो. जाळीतून एखादी घरपाल आत आली, चावाचावी झाली, की संसर्ग आत. बंदिस्त प्रजननात जैवसुरक्षा म्हणजे पाय धुण्याची ट्रे आणि नोंदवही एवढंच समजणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. पाच मिलिमीटरची फट पुरते.

४३ पालींपासून उभी राहिलेली संख्या म्हटल्यावर नात्यातल्या प्रजननाचा प्रश्न येणारच. लिस्टर गेको आणि निळ्या शेपटीची सापसुरळी यांचे संपूर्ण जनुकसंच आता वाचले गेले आहेत. दोघींचा ऱ्हास एकाच काळात झाला, दोघी एकाच वेळी पकडल्या, तरी चित्र वेगळं आहे: सापसुरळीत विविधता बरीच शिल्लक आहे, गेकोत मात्र जवळच्या नात्यातल्या प्रजननाच्या खुणा ठळक. काळजीची गोष्ट म्हणजे रोगप्रतिकाराशी संबंधित मुख्य जनुकांच्या सापडलेल्या भागांत गेकोत विविधता दिसली नाही. व्यवहारात याचा अर्थ असा की कुठल्या नराला कुठल्या मादीबरोबर ठेवायचं हे वंशावळ पाहूनच ठरवायला हवं. दिसायला सारख्या, पाठीवर खूण नसलेल्या शेकडो पालींची वंशावळ सांभाळणं हे या कामातलं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत महत्त्वाचं काम आहे.

शेवटचा प्रश्न, परत सोडण्याचा. ख्रिसमस बेटावर कुंपण घालून निळ्या शेपटीच्या सापसुरळ्या सोडून पाहिल्या होत्या. मोठ्या घोणींनी त्या खाल्ल्या, कारण सापाला अडवणारं कुंपण घोणीला अडवत नाही, आणि आत राहिलेल्या घोणीला तर आयतंच मिळालं. झाडांवर राहणाऱ्या गेकोसाठी कुंपण आणखी अवघड. फांद्या कुंपणाबाहेर जाऊ द्यायच्या नाहीत, तर तेवढी झाडं कापावी लागतील, आणि मग सोडायचं कुठे?

दुसरा मार्ग म्हणजे कोकोस बेटं, ख्रिसमस बेटाच्या पश्चिमेला सुमारे हजार किलोमीटरवरची प्रवाळबेटं. तिथे कवड्या नाही. २०१९ मध्ये पुलू ब्लान या छोट्या बेटावर निळ्या शेपटीच्या सापसुरळ्या सोडल्या, त्या तिथे रुजल्या आणि वाढल्या. गेकोसाठी तोच मार्ग समोर आहे, पण तिच्या गरजा वेगळ्या. सापसुरळीला ऊन, पाचोळा आणि नारळाच्या झावळ्या पुरतात. गेकोला सुटणारी साल, पोकळ्या, दमट झाडी हवी. शिवाय कोकोसवरही घरपाली आहेत. फटीची जागा आणि किडे यांवरून त्यांची लिस्टर गेकोशी स्पर्धा होऊ शकते, आणि तो जिवाणू तिथे आहे का हे आधी तपासावं लागतं. मी असतो तर कमीत कमी घरपाली आणि जास्तीत जास्त जुनी झाडं असलेलं बेट निवडलं असतं, क्षेत्रफळ लहान असलं तरी. आणि सोडल्यावर पहिल्या वर्षी पाली दिसल्या नाहीत म्हणून प्रयोग फसला असं जाहीर केलं नसतं. १९८७ ते २००९ या बावीस वर्षांत ती कुणाला दिसली नव्हती, हे विसरून चालत नाही.

मूळ बेटावर परतायचं तर सापाची संख्या खाली आणावी लागेल, आणि त्याचं हुकमी साधन आज हाताशी नाही. ग्वाम बेटावर तपकिरी वृक्षसर्पासाठी मेलेल्या उंदरात पॅरासिटामॉलची ८० मिलिग्रॅमची मात्रा भरून विमानातून टाकतात. तो साप मेलेला उंदीर आनंदाने खातो आणि एवढ्या मात्रेने मरतो. कवड्या हलणाऱ्या पालीच्या मागे जाणारा शिकारी आहे, मेलेल्या उंदराकडे तो वळेल याची खात्री धरता येत नाही, आणि जमिनीवर पडलेलं कुठलंही आमिष तिथले लाल खेकडे सापाच्या आधी उचलणार. त्यामुळे ग्वामची पद्धत जशीच्या तशी इथे आणता येणार नाही. आमिष झाडावर, खेकड्याच्या आवाक्याबाहेर ठेवायचं, त्याला पालीचा वास द्यायचा, आणि ते मोठ्या गेकोने खाल्लं तर तिला अपाय होणार नाही हे आधी तपासायचं. प्रयोग करायचे तर माझ्या मते या क्रमाने, आणि सुरुवात वस्तीभोवती, जिथे घरपाली सर्वांत जास्त आणि म्हणून सापही सर्वांत जास्त असणार.